ब्लोअरच्या पातळ पत्र्यात बोल्ट टिकत नाही, मागून हातही जात नाही. काय करावं?

निफाडचा_बागवाला

राम राम मंडळी.

द्राक्षांची गोडी छाटणी होऊन तीन आठवडे झाले. डाऊनी रोगाच्या धास्तीनं फवारणी जवळजवळ रोजची झाली आहे आणि नेमका आत्ता ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं पंख्याचं फवारणी यंत्र) त्रास देतोय. फॅनपुढची संरक्षक जाळी सहा बोल्टांवर बसते, सगळे १० नंबर पान्याचे. कव्हरचा पत्रा १८ गेजचा. तीन ठिकाणी मागून हात जातो, तिथं नट लावता येतो. उरलेल्या तीन ठिकाणी पत्रा दुहेरी आहे, मध्ये बंद पोकळी. तिथं कारखान्यातूनच आत काहीतरी गोल नट बसवून आले होते. त्यातले दोन जागच्या जागी फिरायला लागले आणि एक आत पडला. आता पोकळीत खुळखुळतोय.

गावातल्या वेल्डरनं फिरणारे दोन्ही काढून टाकले आणि शेजारी पत्र्यातच नवीन भोकं मारून टॅप फिरवून, म्हणजे आत आटे पाडून दिला. दोन दिवस टिकलं. परवा फवारून परत येताना जाळी एका बाजूनं लोंबत होती. बोल्ट चौथ्या ओळीत मातीत सापडला. तो बाहेर पडला म्हणून बरं, आत फॅनमध्ये ओढला गेला असता तर काय झालं असतं या विचारानं रात्री झोप लागली नाही. फवारताना धाकटा भाऊ ट्रॅक्टरवर असतो.

पक्कं काम कसं करायचं, कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

येरळाकाठ

दादा, मी तासगाव भागातला, ब्लोअर माझ्याकडेही आहे. मी शेडच्या पत्र्याला मारतात ते सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले होते. एक हंगाम निघाला. जाळी काढायची वेळ येत नसेल तर चालून जातं.

सातपूरचा_प्रेसशॉपवाला

स्क्रू शेडला ठीक आहेत, कारण शेड हादरत नाही आणि तो स्क्रू कोणी परत काढत नाही. ब्लोअरची जाळी साफसफाईला काढावी लागते. दर वेळी तो स्क्रू भोक थोडं मोठं करतो, आणि एक दिवस नुसता फिरतो. फॅनपुढच्या जाळीला तरी वापरू नका, कळकळीनं सांगतो.

आता मूळ दुखणं. मी सातपूर एमआयडीसीत प्रेसशॉपमध्ये बरीच वर्षं काढली, पत्रा हाच माझा धंदा. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज १.६, २० गेज ०.९.) तुमचा १० नंबर पान्याचा बोल्ट म्हणजे एम ६, त्याचे आटे एकेक मिलिमीटरवर. म्हणजे १.२ च्या पत्र्यात टॅप मारून तुम्हाला मिळाला जेमतेम एक आटा. लोखंडात बोल्ट धरायचा तर साधारण बोल्टच्या जाडीइतकी खोली आट्यांना लागते. सहाच्या बोल्टला सहा मिलिमीटर. बाजारातला साधा एम ६ चा नट पाच मिलिमीटर जाड असतो तो उगाच नाही. वेल्डरनं टॅप चांगला मारला नाही असं समजू नका. तिथं देवानं टॅप मारला तरी टिकणार नाही, पत्र्यात आट्यांना जागाच नाही.

म्हणून पत्र्याच्या कामात एकच गोष्ट बघायची: आट्यांना पत्र्यामागे लोखंड कुठून द्यायचं. कारखान्यात आम्ही मुख्यतः तीन प्रकार करायचो.

पहिला, वेल्ड नट. नटालाच छोटी टोकं असतात, ती पत्र्यावर टेकवून मशीननं करंट सोडला की वितळून चिकटतात. सगळ्यात भक्कम, पण नट मागच्या बाजूनं लावावा लागतो. दुसरा, क्लिप नट. स्प्रिंगच्या पोलादाची यू आकाराची क्लिप, पत्र्याच्या कडेवर सरकवायची. स्कूटरच्या पॅनलला असते, स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते. पण ती कडेजवळच चालते, तुमचं भोक आत आहे. तिसरा, रिव्हेट नट. आत आटे असलेली नळी, वर कॉलर. बाहेरून भोकात घालायची आणि ओढायची, पत्र्यामागे नळी दुमडून फुगते आणि पत्रा कॉलर व फुगा यांच्यात आवळला जातो. तुमच्या ब्लोअरला कारखान्यातून आलेले ते ‘गोल नट’ हेच. बंद पोकळीला हाच उपाय.

निफाडचा_बागवाला

काका, हे अगदी पटलं. एक आटा हा हिशेब कोणी सांगितलाच नव्हता. पण मग कारखान्यानंच रिव्हेट नट लावले होते ते का फिरले? आणि ते बसवायची मशीन इथं कोणाकडे नाही.

सातपूरचा_प्रेसशॉपवाला

फिरायचं कारण बहुतेक वेळा भोक. एम ६ च्या रिव्हेट नटाला सर्रास ९ मिलिमीटरचं भोक लागतं, एम ८ ला ११. तरी नटाच्या नळीला व्हर्नियर लावून बघा, मगच ड्रिल मारा. अर्धा मिलिमीटर मोठं झालं की नळी फुगून भोकाच्या कडेला घट्ट धरत नाही. आज नाही तर उद्या फिरते.

त्यात पातळ पत्र्याची एक खोड आहे. साध्या ड्रिलनं त्यात गोल भोक पडत नाही, तिकोनी पडतं. ड्रिलचं टोक पार झालं की त्याला धरायला खाली काही उरत नाही, ते नाचतं. मागे लाकूड दाबून धरता येत असेल तर धरा. नाहीतर पायऱ्यांचं ड्रिल वापरा, ते पत्र्यासाठीच आहे. त्यातही बघून घ्या: साध्या स्टेप ड्रिलच्या पायऱ्या बहुधा चार, सहा, आठ, दहा अशा येतात, ९ आणि ११ ची पायरी नसते. मग आठपर्यंत पायरीनं जायचं आणि शेवटचा एक मिलिमीटर ९ च्या साध्या ड्रिलनं, कमी स्पीडवर, हलक्या हातानं. कडेची धार कानशीनं काढा आणि उघड्या कडेला रेड ऑक्साइडचं बोट फिरवा.

पाकिटावर किती जाड पत्र्यासाठी आहे तेही लिहिलेलं असतं. १.२ त्यात बसतंय ना, बघून घ्या.

पानापेटी

मशीन नसली तरी अडत नाही. गॅरेजमध्ये आम्ही दोन पान्यांवर बसवतो.

चाळीस मिलिमीटर लांब, पूर्ण आट्यांचा ८.८ चा (हा मजबुतीचा आकडा, डोक्यावर असतो) एम ६ बोल्ट घ्या. त्यावर एक साधा नट डोक्यापर्यंत चढवा. मग दोन वायसर, दोघांच्या मध्ये बोटभर ग्रीस. मग रिव्हेट नट, बोल्टचं टोक त्याच्या पलीकडे किंचित डोकावेपर्यंत. हे सगळं भोकात घाला, कॉलर पत्र्यावर सपाट बसू द्या. आता एका १० नंबर पान्यानं बोल्टचं डोकं धरून ठेवायचं, ते अजिबात फिरवायचं नाही. दुसऱ्या पान्यानं तो साधा नट पत्र्याच्या दिशेनं आवळत जायचं. नट वायसरला दाबतो, बोल्ट वर ओढला जातो, आत नळी दुमडते.

हाताला कळतं. आधी पाना जड जातो, मग काही फेरे एकसारखा फिरतो, त्या वेळी नळी दुमडतेय. मग एकदम घट्ट होतो. तिथंच थांबायचं. अजून एक फेरा घेऊ म्हणालात की आतले आटे उपटून येतात. म्हणून पहिले दोन-तीन भंगारातल्या त्याच जाडीच्या पत्र्यावर बसवून बघा. एकदा हाताला अंदाज आला की काम सरळ आहे.

बोल्टचं डोकं फिरवून आवळायचा मोह होतो, पण त्यात सगळा पीळ रिव्हेट नटाला बसतो आणि तो भोकात फिरून भोक खराब करतो.

येरळाकाठ

ही पद्धत माहीतच नव्हती. मी साधन विकत घ्यायच्या बेतात होतो. पुढच्या हंगामाला स्क्रू काढून हेच करतो.

अवजार_आरेखन

मी पुण्यात शेती अवजारांच्या डिझाइनमध्ये आहे. काकांनी भोकाचं सांगितलं ते बरोबरच, पण कारखान्यातून आलेला रिव्हेट नट फिरण्याचं आणखी एक कारण आम्हाला तक्रारी तपासताना वारंवार दिसतं, आणि ते जाळीच्या बाजूला असतं.

दादा, जाळीच्या पट्टीतलं भोक किती मोठं आहे ते बघा. एम ६ च्या बोल्टला साडेसहा-सात मिलिमीटर पुरे. पुष्कळदा जुळणी सोपी व्हावी म्हणून ते दहा-बारा मिलिमीटरचं किंवा लांबट ठेवतात आणि वर मोठा वायसर टाकतात. मग होतं काय, की जाळीची पट्टी रिव्हेट नटाच्या कॉलरवर टेकतच नाही, कॉलर त्या मोठ्या भोकात येते. बोल्ट आवळला की तो नटाला पत्र्यातून बाहेर उचलतो. पत्र्यावरची पकड सैल होते, आणि पुढच्या वेळी बोल्ट काढताना नट बोल्टासोबत फिरतो. पट्टी कॉलरवर पूर्ण टेकली तरच बोल्टचा सगळा जोर पट्टी आणि नट यांच्यातच राहतो, पत्र्याला ओढ बसत नाही. दुरुस्ती करताना आधी जाळीची भोकं बघा, नाहीतर नवीन नटही त्याच वाटेनं जातील.

दुसरं, हादरा. स्प्रिंग वायसर टाकला की बोल्ट सुटत नाही अशी सगळ्यांची समजूत असते. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं चाचणीतून दाखवलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यानं, जोडलेले दोन भाग एकमेकांवर घसरायला लागले की. त्याच्या नावाची चाचणी आजही वापरतात आणि त्यात स्प्रिंग वायसर फारसा तग धरत नाही. दोन भाग घसरू न देणं हा खरा उपाय. त्यासाठी ते घट्ट दाबलेले हवेत आणि मध्ये रबर किंवा जाड रंगाचे थर नकोत.

तुमच्या मागून हात जाणाऱ्या तीन जागी नायलॉक नट (आत प्लास्टिकची कडी असलेला, सहज न सुटणारा) आणि मागे मोठा वायसर टाका. नायलॉकचं प्लास्टिक साधारण १२० अंशांपर्यंतच टिकतं, त्यामुळे सायलेन्सरजवळ नको, पण ब्लोअरवर काही अडचण नाही. हातानं फिरायला लागला की नवा घ्या. रिव्हेट नटाच्या जागी निळं थ्रेडलॉकर लावा, म्हणजे आटे धरून ठेवणारा तो गोंद, ज्याला सगळे लॉकटाईट म्हणतात. आटे तेल-ग्रीस पुसून कोरडे करा आणि पूर्ण पकडायला चोवीस तास द्या. लावून लगेच फवारणीला नेऊ नका.

निफाडचा_बागवाला

ताई, तुम्ही बघितल्यासारखंच सांगितलं. आत्ता जाऊन मोजलं. जाळीची भोकं बारा मिलिमीटरची आहेत, वर मोठा वायसर. कॉलर त्या भोकात अर्धी घुसलेली होती याची खूणही पट्टीवर दिसते.

पत्र्यातली जुनी भोकंही मोजली. नट फिरून फिरून दोन भोकं साडेदहा झाली आहेत. तिसरं, ज्याचा नट आत पडला, ते एका बाजूला फाटलंय. टॅप मारलेली भोकं वेगळीच. आता ९ चं भोक कुठून आणू?

सातपूरचा_प्रेसशॉपवाला

साडेदहाची दोन भोकं ११ करून एम ८ चे रिव्हेट नट बसवा. पान्यांच्या युक्तीत एम ८ चा बोल्ट आणि १३ नंबरचे दोन पाने लागतील, जोरही जास्त लागेल. जाळीच्या बारा मिलिमीटरच्या भोकांवर पाच मिलिमीटर जाड पट्टीचे तुकडे वेल्ड करून त्यात ९ ची भोकं मारा, म्हणजे कॉलरवर लोखंड टेकेल. कॉलरच्या जाडीनं जाळी किंचित वर राहील, त्यानं काही बिघडत नाही. फाटलेल्या भोकावर मात्र रिव्हेट नट लावू नका.

काळ्या_मातीतला

भाऊ, फाटलेल्या जागेचं मी सांगतो. आमचं अकोल्याकडे सोयाबीन-हरभऱ्याचं मळणी यंत्र आहे. त्याच्या झाकणाचा पत्रा भोकाभोवती तडकायचा. कितीदा नट बदलला, तडा पुढेच जायचा.

आधी तड्याच्या अगदी टोकाला तीन मिलिमीटरचं भोक मारा. तडा तिथं थांबतो, कारण टोकाची धारच निघून जाते. मग २५ रुंद, ५ जाड पट्टीचा वीतभर तुकडा घ्या. मधोमध बोल्ट जाईल एवढं भोक मारून त्यावर एम ८ चा साधा लोखंडी नट वेल्ड करा. वेल्ड करताना नटात एक जुना बोल्ट घालून ठेवा, म्हणजे नट सरळ राहतो आणि ठिणग्या आट्यांत जात नाहीत. समोरासमोरच्या बाजूंना टाके मारा, सगळीकडून एकदम भरू नका, नटाचा आकार बिघडतो. नायलॉक नट कधी वेल्ड करू नका, प्लास्टिक जळून जातं. झिंक चढवलेला नट असला तर वेल्डच्या जागेचं झिंक घासून काढा, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. माझ्या भाच्याला झालं होतं.

आता पट्टी बंद पोकळीत न्यायची कशी? तुमची पोकळी कुठंतरी उघडी असेलच, खालच्या बाजूला पाणी निघायची फट, नाहीतर दुसरं मोठं भोक. बाइंडिंग तार भोकातून आत सोडा आणि त्या फटीतून बाहेर काढा. तार पट्टीच्या नटातून ओवा, मागच्या बाजूला एक खिळा आडवा बांधा. मग इकडून तार ओढा, पट्टी सरकत येऊन भोकाच्या मागे उभी राहते. तारेनं ती धरून ठेवायची आणि पत्र्याच्या बाहेरून पट्टीच्या दोन टोकांना दोन पॉप रिव्हेट मारायचे. पट्टी जागेवर बसली की तार कापून टाका. आता बोल्ट लावा. सगळा जोर पाच मिलिमीटरच्या पट्टीवर गेला, पत्रा फक्त मध्ये दाबला जातो. आमच्या झाकणाला हे केल्यापासून चार हंगाम झाले, तडा हललेला नाही.

पानापेटी

वा, तारेची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी.

एक राहिलं. पोकळीत खुळखुळणारा जुना नट काढून टाका. लोखंडी असेल तर तारेला चुंबक बांधून फिरवा.

येरळाकाठ

दुकानात फसगत होऊ नये म्हणून एक सांगतो. आमच्याकडे हार्डवेअरवाला अजून सुतात बोलतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्याला ‘अडीच सुती’ म्हटलं की तो पाच सोळांश इंचाचा बोल्ट देतो. जाडी ७.९४ मिलिमीटर, एम ८ च्या अगदी जवळ. पण त्याला इंचात १८ आटे, एम ८ ला सव्वा मिलिमीटरचा एक म्हणजे इंचात वीसच्या आसपास. एम ८ च्या नटात तो दोन फेरे हातानं जातो आणि मग अडकतो. माणसाला वाटतं घाण आहे, तो पान्यानं रेटतो, आणि नवा रिव्हेट नट पहिल्याच दिवशी जातो. जुना नमुना बोल्ट घेऊनच दुकानात जा. नव्या नटात बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे.

अवजार_आरेखन

फार महत्त्वाचं लिहिलंत. जुन्या ट्रॅक्टरवर इंची आणि त्यावर नंतर जोडलेलं अवजार मिलिमीटरचं, असा गोंधळ आमच्याकडेही रोज दिसतो.

रिव्हेट नट कशाचा घ्यायचा तेही सांगते. दुकानात ॲल्युमिनियमचे स्वस्त आणि बसवायला हलके मिळतात, तुम्ही लोखंडी घ्या. ब्लोअरवर बोर्डो मिश्रण पडतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. चुन्यानं ॲल्युमिनियम खातं आणि मोरचुदातलं तांबं तर ॲल्युमिनियम आणि झिंक दोन्हींना वाईट. काही महिन्यांत कॉलरभोवती पांढरा भुगा दिसायला लागतो आणि नळीची पकड जाते. ज्यांच्याकडे खत पेरायची अवजारं आहेत त्यांनाही हेच लागू. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मीठच ते. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा नट ही जोडी त्या ओलाव्यात सगळ्यात आधी जाते. स्टेनलेसचा नट घेतला तर उत्तमच, फक्त स्टेनलेस बोल्ट स्टेनलेस नटात कोरडा आवळू नका, आटे एकमेकांना चावून जाम होतात. तिथं थोडं अँटिसीझ ग्रीस लावा आणि थ्रेडलॉकर सोडून द्या.

आणि आवळताना हवेची गन नको. एम ६ च्या ८.८ बोल्टला साध्या जाड नटात दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलोचा जोर. रिव्हेट नटात त्याहून कमीच ठेवा.

सातपूरचा_प्रेसशॉपवाला

वेल्डिंग ट्रॅक्टरला जोडलेल्या अवस्थेत करणार असाल तर बॅटरीची वायर आधी काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. पीटीओ (ट्रॅक्टरमधून अवजार फिरवणारा दांडा) बंद, किल्ली खिशात. आणि तोपर्यंत जाळी नाही म्हणून उघड्या फॅनवर फवारणी करू नका दादा, दोन दिवस भाड्याचा ब्लोअर आणा.

निफाडचा_बागवाला

काका, भाड्याचाच आणला. भावालाही तेच सांगितलं.

(नऊ दिवसांनी)

मंडळी, काम झालं. दोन जागी एम ८ चे लोखंडी रिव्हेट नट दोन पान्यांवर बसवले. भंगारावर तीन वाया घालवले. पहिल्याचे आटे उपटले, दुसरा भोकात फिरला, तिसरा नीट बसला तेव्हा कुठं पाना कधी थांबवायचा ते हाताला कळलं. फाटलेल्या जागी तड्याच्या टोकाला भोक मारून पट्टी घातली. तार फटीतून बाहेर यायला तासभर लागला, शेवटी आईनं गोधडीची मोठी सुई वाकवून तिनं तार ओढून काढली. जाळीला तीन तुकडे वेल्ड केले, मागच्या तीन जागी नायलॉक. टॅप मारलेली भोकं पॉप रिव्हेटनं बंद केली.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. भाऊ टाकी भरेपर्यंत सहा रेघा बघतो आणि मगच निघतो.

आतापर्यंत चौदा टाक्या झाल्या. पाच रेघा सरळ आहेत. पट्टीच्या बोल्टची रेघ दुसऱ्याच दिवशी थोडी सरकली होती. परत आवळली, पण तिथंच का?

अवजार_आरेखन

पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये जुना रंग असेल. तो दाबला जाऊन बसतो, तेवढी जोडणी सैल होते. बोल्ट काढून जाळीखालचा आणि वायसरखालचा रंग घासा, नवा थ्रेडलॉकर लावून आवळा, नवी रेघ ओढा. आतल्या बाजूचा रंग एव्हाना बसला असेल. पुढच्या पाच टाक्यांनंतर रेघ कशी आहे ते इथं कळवा.

निफाडचा_बागवाला

घासला. तीन थर निघाले, लाल, निळा आणि खाली परत लाल. उद्या सकाळी चोवीस तास होतील, मग टाकी भरतो.